एक किलोचा खराटा

तेंगिनकेरे
४ जून

गंगम्मावहिनी,

नमस्कार लिहीत नाही. समोर केला तेव्हा तुम्ही टेम्पोच्या चाकाकडे बघत होतात, मग कागदावरचा घेऊन काय करणार? पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेलच. फाडू नका. फाडायचंच असेल तर वाचून फाडा.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर मला बंद करून टाकलंय. दादाला फोन लावला तर तो म्हणतो, "ती इथेच बसलीय, पण घरी नाहीय." चाळीस वर्षं खोबऱ्याचा व्यापार केला, पण साधी थाप मारता येत नाही या माणसाला! मागून तुमचा आवाज येत होता. रागी चाळता चाळता माझ्याबद्दल जे काही बोललात ते सगळं ऐकलं. म्हणून आता पत्र. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी पोस्टात जाऊन पाकीट विकत घेतलं, तर खिडकीतली मुलगी विचारते, "कोर्टाचं काम आहे का, सर?" म्हटलं, "त्याहून अवघड आहे. वहिनीचं आहे."

बावीस मेला नगरपालिकेच्या स्टोअरच्या दारात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. तरी माझी बाजू ऐकून घ्या. गुब्बलहट्टीच्या तुमच्या संघाने, चौदा बायकांनी, तीन महिने खपून केलेले सहाशे खराटे. आमच्या नंजुंडप्पाने एकेक काट्यावर ठेवला. पाहिजे एक किलो, आणि भरला सातशे ग्रॅम, सातशे वीस, एखादाच साडेसातशे. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "वजनात कमी. परत न्या." काट्यावर माणूस बसलेला नाही, वहिनी, काट्याचाच सख्खा भाऊ बसलाय! तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खिशातल्या पेनाचं टोपण काढत-घालत होतो. माझ्या हातात काही नव्हतं हो. मी आरोग्य निरीक्षक. स्टोअर त्याचं, काटा त्याचा, वही त्याची.

या खराट्यांसाठी मी किती घसा कोरडा केलाय ते तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षं या गावाने प्लास्टिकचे झाडू घेतले. चारी बाजूंना माड, चालताना पायात झावळ्या येतात, आणि आमची नगरपालिका झाडू आणणार कुठून, तर परराज्यातल्या कारखान्यातून! गटार उपसलं की गाळापेक्षा झाडूचे हिरवे-निळे केसच जास्त निघायचे. मग वरून परिपत्रक आलं, खरेदी पर्यावरणपूरक करा. मी ते हातात घेऊन नाचलो. सभेत एक नगरसेवक म्हणतो, "पर्यावरणपूरक खराटा म्हणजे काय, तो आपला आपण झाडतो काय?" सगळे खो खो हसले. मी हसलो नाही. प्लास्टिक बंद, फक्त माडाच्या झावळीतल्या हिरांचा खराटा, आणि शक्यतो आसपासच्या बायकांच्या संघाकडून, असा ठराव करून घेतला तेव्हाच खाली बसलो. आणि तुमच्या घरी येऊन, तुमच्याच हातचे नाचणीच्या उकडीचे मुद्दे आणि पातळ सारू जेवून, सांगितलं की वहिनी, बायकांना म्हणावं खोबरं सोलायला दुसऱ्याच्या वखारीत जाणं सोडा, नगरपालिका तुमची कायमची गिऱ्हाईक झाली समजा. सांगितलं होतं, नाकारत नाही.

आता नीट ऐका. करारात मुदत एकतीस जुलैची आहे. तोवर सहाशे खराटे पास झाले नाहीत तर संघाचं नाव काळ्या यादीत जाईल. तीन वर्षं कुठल्याच नगरपालिकेला काडी विकता येणार नाही. मी काहीतरी मार्ग काढतो. तोवर खराटे पावसात ठेवू नका, माळ्यावर टाका.

तुमचा दीर,
तिप्पेस्वामी

---

१५ जून

वहिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दहा दिवस पोस्टमनची वाट बघितली.

डोकं फुटायची वेळ आलीय. तुमचा माल परत गेला म्हणून नंजुंडप्पाने तातडीची गरज दाखवली आणि तीनशे खराटे जयण्णाकडून मागवले. हो, तोच जयण्णा, जो सहा वर्षं आम्हाला प्लास्टिक विकत होता. परिपत्रक आलं तसा एका दिवसात निसर्गप्रेमी झाला. टेम्पोवर माडाचं चित्र काढून घेतलंय मेल्याने! त्याचे खराटे काट्यावर ठेवले. एक किलो दहा. एक किलो तीस. पास, पास, पास. मी एक उचलून बघितला तर पाणी मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं. म्हटलं, "जयण्णा, खराटे आणलेस की पालेभाजी?" दात काढून म्हणतो, "सर, ताजा माल आहे."

ताजा कसला, हिरव्या झावळ्या कापून काढलेले हीर, आणि वर दोन दिवस तळ्यात बुडवून ठेवलेले. टेंडरमध्ये स्वच्छ लिहिलंय की आपोआप गळून पडलेल्या झावळीचेच हीर चालतील, माडावर कोयता चालवायचा नाही. मी ते पान काढून नंजुंडप्पाच्या नाकासमोर धरलं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे सर. पण झावळी गळाली की कापली ते काट्यावर कुठे दिसतं? वजन दिसतं. मला जे दिसतं त्याच्यावर मी सही करतो." सांगा, याच्या डोक्यात काय घालायचं? आम्ही कागदावर माड वाचवतो आणि काट्यावर पाणी विकत घेतो.

आठच दिवसांत हनुमक्का ऑफिसात आली. रस्ते झाडणाऱ्या बायकांची ती मुकादम, तुम्ही ओळखता तिला. दोन खराटे माझ्या टेबलावर आपटले. वाळून हीर आकसले होते, काथ्याची दोरी सैल पडली होती आणि मुठीतून अर्धे हीर गळून गेले होते. म्हणाली, "घ्या तुमचा सरकारी खराटा. आणला तेव्हा उचलवत नव्हता, आता उचलायला काही उरलं नाही."

म्हटलं, "हनुमक्का, आवाज खाली. मॅडम आत आहेत."

"मग दार उघडा, त्यांनाही ऐकू दे. एप्रिलमध्ये गंगम्माचे वीस वापरायला दिले होते ना आम्हाला? महिनाभर झाडले. हलका हात, बारीक मूठ, एक हीर सुटला नाही. दुपारी घरी गेल्यावर पोराला उचलून घेता येत होतं मला. ते आणा. नाहीतर उद्यापासून कचरा हाताने गोळा करू आणि इथेच आणून टाकू."

ती गेल्यावर ते दोन खराटे टेबलाखाली सरकवले. सगळं या एका अटीपायी. किमान वजन एक किलो! कुठल्या शहाण्याने कधी लिहून ठेवली कुणास ठाऊक. जुन्या कागदावरून नव्या कागदावर उतरत आली असणार. ऑफिसात असंच चालतं.

बायकांना सांगा, धीर सोडू नका.

तिप्पेस्वामी

---

२७ जून

वहिनी,

कंडक्टरने बसमधून खराटा उतरवून दिला. सगळ्या स्टँडसमोर! "साहेब, गुब्बलहट्टीहून तुमच्यासाठी आहेर आलाय," असं ओरडला. हसायचं की रडायचं कळेना.

काय प्रकरण केलंत हो ते? खराटा आहे की देवळाचा खांब? कोरड्या हिरांचा बरोब्बर एक किलो, घरी वजनकाट्यावर मीही ठेवून बघितला. मूठ माझ्या दोन्ही पंजांत मावत नाही. आणि सोबत दादाच्या अक्षरात तुमचा निरोप, "साहेबांना म्हणावं एक तास अंगण झाडून दाखवा." दादाने शेवटी स्वतःचंही जोडलंय, "मी फक्त लिहून देतोय, मला यात ओढू नका."

झाडलं. तुमच्या जावेला उंबऱ्यात खुर्ची टाकून बसवलं आणि झाडलं. एक तास नाही, वीस मिनिटं. अंगठ्याच्या बुडाशी असा गोळा उठलाय की हे पत्र लिहितानाही ठणकतंय. जाऊबाई तुमच्याच बाजूच्या. म्हणाल्या, "थांबलात का? हनुमक्का सकाळी पाच तास झाडते." मी खराटा टाकून आत गेलो.

तुमची बाजू कळली. किलो भरायचा तर असा खराटा करावा लागतो, आणि असा खराटा कुठल्याच बाईला धरता येत नाही. पटलं मला. चिठ्ठीच्या मागे तुमच्या स्वतःच्या अक्षरात एक ओळ होती, "वजनाची अट कोणी लिहिली?" आता तेच कशाला उकरून काढायचं, वहिनी? फायली जुन्या, माणसं बदलली, कोण कुठे बदलून गेलं. अट कोणाची ते महत्त्वाचं नाही, ती काढायची कशी ते महत्त्वाचं.

हातावर तेल चोळून घेतोय.

तिप्पेस्वामी

---

२९ जून

वहिनी,

मी लिहिली.

दोन दिवस झोप नाही, म्हणून लिहून मोकळा होतोय. २०११ साली स्टोअर माझ्याकडे होतं. तेव्हाचा ठेकेदार चाळीस हिरांचे खराटे आणायचा, म्हातारीच्या वेणीसारखे. बायका वाकून वाकून झाडायच्या आणि कचरा जागचा हलायचा नाही. मला चीड आली आणि मी अट घातली, किमान वजन एक किलो. ठेकेदाराची अशी जिरली की पुढच्या टेंडरला आलाच नाही. साहेबांनी सभेत माझं नाव घेतलं. तेव्हापासून ती अट माझी मला इतकी प्रिय, की यंदा नवीन टेंडर लिहिताना बाकी सगळं बदललं, ती मात्र तशीच ठेवली. आणि वर माझ्याच हाताने दुसरी घातली, फक्त गळालेली झावळी.

दोन्ही माझ्या. एक वाळलेला हीर मागते, दुसरी ओल्याचं वजन मागते. दोन्ही पाळणारा खराटा धरता येत नाही आणि धरता येणारा खराटा पास होत नाही. हे लिहिताना लक्षात आलं नाही. आपला नियम चुकीचा असेल हे माझ्या मनातच कधी आलं नाही, वहिनी. मला वाटायचं, चोर तेवढे अडकतील.

आणि हेही सांगून टाकतो. बावीस मेला नंजुंडप्पा "परत न्या" म्हणाला, त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा तोंड उघडून "अट चुकीची आहे, माझी चूक आहे" म्हटलं असतं तर तिथेच काहीतरी झालं असतं. पण मी निवृत्त व्हायला अकरा महिने. चौकशी लागली की पेन्शन अडकते. आणि नंजुंडप्पा मला गुरू म्हणतो. काट्यावर कोणाची गय करायची नाही हे त्याला मीच शिकवलंय. त्याच्यासमोर तोंड उघडवलं नाही.

आता द्या शिव्या.

ति.

---

१२ जुलै

वहिनी,

शिव्या आल्या नाहीत. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अट बदलायचा प्रयत्न करतोय. कसा चाललाय ते ऐका, करमणूक होईल. मी टिपण ठेवलं की वजनाच्या अटीचा फेरविचार व्हावा. कोणी लिहिली वगैरे त्यात घातलं नाही. फाइल गेली इंजिनियरकडे, कारण वजन हा तांत्रिक विषय! गटारं बांधणारा माणूस तो. त्याने आठवडाभर बसवून ठेवली आणि शेरा मारला की हिरांमधला ओलावा मोजणारं यंत्र घ्यावं. यंत्र घ्यायचं तर त्याचं टेंडर. त्या टेंडरला तीन दर पाहिजेत. तिसरा दर देणारा कोणी मिळत नाही म्हणून जयण्णा म्हणतो, "सर, मी देतो यंत्र." उद्या हा माणूस स्वतःच्या चोरीचा काटाही आपल्यालाच विकेल!

शेवटी मुख्याधिकारी चैत्रा मॅडमकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मान वर न करता फाइल वाचतात आणि एकही ओळ सोडत नाहीत. म्हणाल्या, "करार झाल्यावर अट बदलली तर बाकीचे ठेकेदार कोर्टात जातील. बदलायचीच असेल तर अट मुळातच चुकीची होती हे कोणीतरी नावानिशी लेखी द्यायला हवं. ही अट कोणाची?"

मी म्हटलं, "बघून सांगतो, मॅडम."

बघून सांगतो! स्वतःचं अक्षर बघून सांगणार आहे मी. तुम्हाला लिहून दिलं, तिथे तोंड उघडेना.

एकोणीस दिवस उरलेत. बायका पुन्हा वखारीत जायला लागल्या असं दादा म्हणत होता. तसं होऊ देऊ नका. एकदा हे सहाशे निघाले की पुढच्या वर्षीच्या टेंडरमध्ये मी सगळं सरळ करतो, शब्द देतो. आता फक्त हे सहाशे निघायला हवेत. जयण्णा काय करतो ते मी मागे लिहिलंच होतं. तळ्यात दोन दिवस. काटा ओलं-कोरडं ओळखत नाही आणि नंजुंडप्पाही विचारत नाही. मी काही सुचवत नाहीये. तुम्ही शहाण्या आहात.

तिप्पेस्वामी

---

१ ऑगस्ट

वहिनी,

झालं! सहाशेच्या सहाशे पास! मला तर वाटत होतं की तुम्ही येणारच नाही. काल साडेचार वाजले तरी टेम्पो नाही. मी फाटकापर्यंत चार चकरा मारल्या. पाच वाजता स्टोअर बंद होतं. पावणेपाचला तुमचा टेम्पो वळणावर दिसला आणि माझ्या जिवात जीव आला.

फाटकातून माल वेळेत आत आला म्हणून मोजणी रात्रीपर्यंत चालली. एक किलो पाच, एक किलो दहा, एक किलो. नंजुंडप्पा प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "बघा गुरू, नियम कडक ठेवला की माणसं सुधारतात." त्याने सही केली, खाली तपासणी अधिकारी म्हणून मी केली. मुठी जरा दमट लागल्या हाताला, पण पावसाळी हवा आहे, लागायच्याच.

तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तुमच्या संघातल्या त्या रत्नम्माही पाठीमागे खाली मान घालून उभ्या होत्या, नाहीतर एरवी किती बडबड! दमला असाल. मी ताटलीएवढी तट्टे इडली मागवली होती सगळ्यांसाठी, ती तशीच राहिली. टेम्पो वळवून तुम्ही निघूनही गेलात.

असो. संघाचं नाव वाचलं, हे महत्त्वाचं. आता तरी एकदा फोन उचला.

तुमचा,
तिप्पेस्वामी

---

२९ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र वाचून दादालाही दाखवू नका.

स्टोअरच्या पत्र्याखाली गठ्ठे एकावर एक रचले होते. तीन आठवडे ऊन नाही. परवा खालचा एक गठ्ठा सोडला तर आतून वाफ आल्यासारखा वास आला. मुठी काळ्या पडल्यात, दोऱ्यांवर पांढरी बुरशी. हात लावला की काथ्या चिखलासारखा बोटांना येतो. सगळे नाही, पण निम्म्याच्या वर गेले. हनुमक्काच्या बायका दहा दिवस त्याच खराट्यांनी झाडतायत. दुसरे नाहीतच.

ती आज आली. ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि मग उताणे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली, खाजवून खाजवून लाल झालेली. चौघींचे असेच झालेत म्हणाली. मग विचारलं, "सर, हे खराटे कोणाचे?"

मी समोरची फाइल उघडली.

"गठ्ठ्यावर चिठ्ठी नाही. बांधणी गंगम्मासारखी दिसते. पण ती असला माल देणार नाही. तिचे वीस मी वापरलेत. तुमच्या वहिनीचे आहेत का हे?"

मी म्हटलं, "नाही. जयण्णाचे आहेत."

म्हटलं मी असं! तोंडातून सहज निघालं. ती म्हणाली, "वाटलंच मला," आणि मलम आणायला निघून गेली. जाताना उलट मलाच म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, सर." वहिनी, त्यापेक्षा तिने तो कुजका खराटा माझ्या थोबाडावर मारला असता तर!

दुपारी मॅडमकडे गेलो. पुढच्या वर्षीचं टेंडर दहा सप्टेंबरला निघतंय. कारकुनाने मसुदा तयार केलाय, त्यात पुन्हा तेच, किमान वजन एक किलो. मी टिपण लिहून नेलं होतं. या वेळी सगळं लिहिलं होतं, अट २०११ साली मी लिहिली, ती चुकीची आहे, तिच्यामुळे कोरडा चांगला माल परत जातो आणि भिजवलेला पास होतो. मॅडमच्या हातात द्यायच्या आधी सहज म्हणून विचारलं, कोरडा खराटा किलोचा होतच नाही, तेव्हा अट चुकीची ठरली तर काय होईल? त्यांनी नंजुंडप्पाची वही मागवली आणि बोटाने ओळ दाखवली. "कोरडा खराटा किलोचा होऊच शकत नाही असं म्हणताय ना तुम्ही? मग एकतीस जुलैला हे सहाशे किलोचे कसे भरले? अट बरोबर असेल तर टिपण खोटं, आणि टिपण खरं असेल तर संघाने माल भिजवला आणि तुम्ही सही केली. दोन्हींपैकी एकच ठेवता येईल, तिप्पेस्वामी."

मी टिपण परत घडी करून खिशात घातलं.

म्हणजे बघा माझं नशीब. गप्प बसलो तर अट आणखी दहा वर्षं चालणार, दरवर्षी बायका खराटे बुडवणार आणि हनुमक्काचे हात सोलणार. खरं लिहून दिलं तर माझी पेन्शन जाते, ती जाऊ दे एक वेळ, पण तुमचा संघ काळ्या यादीत जातो. ज्यासाठी हे सगळं केलं तेच बुडतं. आणि तुम्हाला बुडवायला शिकवलं कोणी, तर मी. तुम्ही केलं नसतं, वहिनी. पहिल्या खेपेला सातशे ग्रॅमचे कोरडे खराटे घेऊन ताठ मानेने उभ्या होतात तुम्ही. मीच तुम्हाला जयण्णा केलं.

टिपण खिशात आहे. द्यायचं की नाही ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो. तुमच्या चौदाजणींच्या पोटाचा प्रश्न आहे, मी एकटा कसा ठरवू?

तिप्पेस्वामी

---

गुब्बलहट्टी
३ सप्टेंबर

भाऊजी,

तुमची सगळी पत्रं वाचली. एकही फाडलं नाही. उत्तर दिलं नाही कारण तुम्हाला उत्तर नको होतं, तुम्हाला कोणीतरी "असू दे" म्हणायला हवं होतं. ते मी म्हणणार नव्हते.

बारा जुलैच्या पत्रातली ती ओळ मी चार वेळा वाचली. "मी काही सुचवत नाहीये." शिकलेल्या माणसाचं मला हे फार नवल वाटतं. सुचवायचंही आणि हात कोरडेही ठेवायचे. पण बुडवले आम्हीच, ते तुमच्यावर ढकलत नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर गठ्ठे सोडताना बायका आधी हसत होत्या. जयण्णाच्या नकला करत होत्या. दुसऱ्या दिवशी वर काढले तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं. रत्नम्मा म्हणाली, अक्का, हे आपण केलेले वाटतच नाहीत. स्टोअरच्या दारात आम्ही दमलो नव्हतो, भाऊजी. आम्हाला लाज वाटत होती.

परवा तुमचं शेवटचं पत्र आलं आणि मी पहिल्या बसने तेंगिनकेरेला गेले. तुमच्याकडे नाही, हनुमक्काच्या घरी. तिचे हात बघितले. सांगितलं की खराटे माझे आहेत, जयण्णाचे नाहीत, मी भिजवले. तिने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. आख्ख्या गल्लीने ऐकलं. मग तिच्या सुनेने पाणी दिलं, पण ते हनुमक्काच्या सांगण्यावरून नाही. दारातून निघताना ती एवढंच म्हणाली, "सातशे ग्रॅमचे परत आणशील तेव्हा ये."

तुम्ही विचारता, देऊ की नको, तुम्ही सांगाल तसं करतो. म्हणजे हेही मीच ठरवायचं, आणि उद्या काही झालं तर वहिनी म्हणाल्या म्हणून केलं, असं म्हणायला तुम्ही मोकळे. मी काही सांगणार नाही. आम्ही काय करतोय ते कळवते.

काल देवळात चौदाजणी बसलो. काळी यादी म्हणजे काय, तीन वर्षं म्हणजे काय, सगळं सांगितलं. तिघी रडल्या. दोघी म्हणाल्या, वखार काही कुठे पळून गेली नाही. एकीने विचारलं, आपण नाही लिहिलं तर कोणाला कळेल? आणि मग तिनेच कागद पुढे ओढला. तुमच्या दादांनी लिहून दिलं. या वेळी मला ओढू नका म्हणाले नाहीत. एकतीस जुलैला दिलेले सहाशे खराटे आम्ही वजन भरावं म्हणून दोन दिवस तळ्यात भिजवले होते. कोरडा खराटा किलोचा होत नाही. झाला तर धरता येत नाही. एवढंच आहे त्यात. खाली बारा सह्या आणि दोन अंगठे आहेत. पहिली सही माझी.

सोमवारी अकरा वाजता मी तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. तुम्ही शिकवलंत हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही, घाबरू नका. फक्त माझ्या सहीच्या वर एक ओळ मोकळी सोडलीय. ती अट ज्याने लिहिली त्याच्यासाठी. मोकळी राहिली तर मोकळीच देईन.

गंगम्मा